चौदावं मांजर

पिंपळे गुरव,
रविवार, दुपार

प्रिय ऋचा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर हे मला धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. आपल्या सोसायटीतली चौदाच्या चौदा मांजरं नसबंदी होऊन परत आली, आणि ती मी धरली. हो, मीच. मांजर दिसलं की चप्पल उचलणारा तुझा बाप.

झालं असं, की जिन्यातल्या घाणीच्या तक्रारी वाढल्या आणि सेक्रेटरी रोहिदासरावांनी ठराव आणला: सगळी पोत्यात भरायची आणि दिघीच्या पुढे सोडून यायची. अध्यक्ष मी. सहीसाठी पेन उघडलं आणि का कोण जाणे, तू जेवताना तावातावाने सांगायचीस तेच तोंडातून बाहेर पडलं. ही नेली तर दुसरी येतील; ऑपरेशन करून जागेवर सोडली तर पिल्लावळ थांबेल. सभेने महिन्याची मुदत दिली. एक जरी राहिलं, तरी पोती आणायची.

तळवड्याच्या मोईजने जाळीचा पिंजरा करून दिला. आत फळीवर पाय पडला की दार खाली येतं. तीन आठवड्यांत तेरा मांजरं धरली, दवाखान्यात नेली, आणली. पण तेराव्या बोक्याने पिंजरा इतका घाण केला, की मी तो फिनेलने घासून लख्ख केला. तीस वर्षं कंपनीच्या क्वालिटी खात्यात काढलेला माणूस, दुसरं काय करणार? राहिली ती तिरंगी मांजरी, निम्म्या सोसायटीची आई. ती रोज यायची, दाराशी नाक लावायची आणि शेपटी उडवून निघून जायची. सभेला पाच दिवस उरले. मी पिंजरा उचलून मोईजकडे गेलो आणि स्प्रिंग बिघडली म्हणून त्याच्यावरच तणतणलो. त्याने पिंजरा हुंगला आणि म्हणाला, "काका, स्प्रिंग एक नंबर आहे. पण वास घ्या ना जरा, दवाखान्यासारखा येतोय. मांजर कशाला येणार?"

नुसत्या पाण्याने धुऊन पिंजरा उन्हात टाकला. मीटर रूममधलं तिचंच गोणपाट आत अंथरलं आणि वर बोंबील. उरलेले बोंबील आपल्या गॅलरीत ठेवले म्हणून तुझ्या आईने दोन दिवस अबोला धरला. पण गुरुवारी सकाळी दार पडलेलं होतं. तू सांगायचीस तशी वरून चादर टाकली आणि ती खरोखर शांत झाली. आता ऑपरेशनची खूण म्हणून तिच्या डाव्या कानाचं कापलेलं टोक दिसलं, की मला आमच्या ओके शिक्क्याची आठवण येते.

आज सभेत ठराव रद्द झाला. हे शिकलात कुठे, असं रोहिदासरावांनी विचारलं. मी म्हणालो, माझ्या ऋचाकडून. टाळ्या पडल्या, बाळा.

आणि त्या टाळ्यांत मला बसवेना. चार वर्षांपूर्वी तुझा मांजरं धरायचा पिंजरा पार्किंगमधून गेला, तू वॉचमन बरकतचाचांना नाही नाही ते बोललीस आणि ते काम कायमचं सोडलंस. तो चोरीला गेला नव्हता. इंजिनिअर मुलगी मांजरं धरत फिरते याची मला लाज वाटायची. तू ऑफिसला गेल्यावर मीच तो भंगारवाल्याला दिला. आज सगळ्यांसमोर हे सांगितलं आणि बरकतचाचांची हात जोडून माफी मागितली. तुझी मागायची राहिली होती.

तुझाच,
बाबा