समासातील अक्षरे

मार्गशीर्ष शु. १०, सोमवार
कै. कमलची, माझ्या धाकट्या बहिणीची, मुलगी वसुधा जर्मनीहून आली. तिकडे ती युरोपातील ज्यू मोहल्ल्यांचा इतिहास शिकविते. त्यांची कॉफीगृहे, वृत्तपत्रे सर्व ठाऊक. गीतेचा एक अध्याय पाठ नाही.
वडिलांच्या जीर्ण पोथ्या पौर्णिमेस मेहकरला पैनगंगेत विसर्जित करावयाच्या. बासन बांधून ठेवले.

शु. ११, मंगळवार
गीताजयंती. अठरा अध्याय झाले. तोवर वसुधेने पारोशाने बासन सोडलेले.
"मामा, ज्यू लोक देवाचं नाव असलेला कागद टाकत नाहीत. फाटला तरी कोठडीत साठवतात, मग माणसासारखा पुरतात. त्या कोठड्यांतूनच मले त्यांची घरं कळली. तुम्ही बुडवून राह्यले."
म्हटले, "आम्ही ग्रंथाला प्रेत मानीत नाही."
"अन् बुडाल्यावर काय उरते?"
उपवासाच्या दिवशी वितंडवाद नको.

शु. १३, गुरुवार
ती श्लोक सोडून पानांच्या कडेचा समास वाचते. यास विद्वत्ता म्हणतात. भागवताच्या दशम स्कंधात, शाईच्या डागाशेजारी, तिला तेच श्लोक बालिश हाताने उतरविलेले सापडले.
"हे कोणाचं अक्षर?"
"उंदराचे," म्हणालो.
आतून सौ.: "काऊन तोडून बोलता पोरीले? कमलवन्संचा 'भ' असाच पोटफुग्या होता. पत्रं आहेत ना माह्याजवळ."
ताडून पाहिले. दोघी रडल्या. मी संध्येस बसलो.
नंतर वसुधा: "एवढी एक पोथी द्या. बाकीच्या बुडवा."
विसर्जनास काढलेले परत घेत नाहीत. नाही म्हटले.

शु. १४, शुक्रवार
वडील मला ओसरीवर संथा देत; कमल दाराआड ऐके. दुपारी ते निजले की पोथी काढून समासात लिही. मी पाहिले. वडिलांना सांगितलेही मीच. नऊ वर्षांचा होतो. त्यांनी तिच्या लिहित्या हातावर छडी मारली, तेव्हा दौत कलंडली. पुढे तिने पोथीस हात लावला नाही.
वसुधेस हे सांगण्याचे कारण नाही.

पौर्णिमा, शनिवार
परत निघालेली वसुधा मेहकरपर्यंत त्याच बसमध्ये. पुढच्या आसनावर बसली, मागे वळली नाही. उतरताना एवढेच: "सोडताना तिचं नाव तरी घ्या, मामा."
नदीवर इतर पोथ्या सोडल्या. भागवत हाती घेऊन संकल्प म्हणू लागलो, त्यात कमलचे नाव घेतले. पुढचे शब्द आठवेनात. जन्मभर पाठ असलेले.
भागवत परत आणले. विसर्जनास काढलेले देवघरात चालत नाही. तूर्त फडताळात, सौ.च्या पत्रांपाशी. वसुधेचा पत्ता सौ.कडे आहे. मागितलेला नाही.