डाव्या हाताची धार

९ फेब्रुवारी, सकाळ

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, टोमॅटोचा विषय सोडून. ही तक्रार तू गांभीर्याने घ्यावीस. तू गेल्यापासून या घरात टोमॅटो कापला जात नाही, त्याचा वध होतो. ताटात जे पडतं त्याला चकत्या म्हणायचं धाडस संस्कृतच्या मास्तरालाही होत नाही. दोष तुझ्या चाकूचा. माझ्या हातात आला की तिरका चालतो, चकती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नावापुरती. वीस वर्षं तुझ्याजवळ राहिला, तेव्हा माझं न ऐकायची सवय लागलीच असणार.

तुझं पत्र पोचलं. लेकीला लेखनिक नेमून आपण नुसतं सांगत बसायचं, हा थाट बरा आहे. पंधरा दिवसांसाठी गेलेली बाई पाच महिने दरबार भरवून बसली आहे, असं मी शाळेत सांगतो.

आता कबुली. चाकू मी बिघडवला. बुटाच्या पॉलिशची डबी उघडेना आणि चाकू समोर पडला होता. पात्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. ‘त्याला हात लावू नकोस’ हे तुझं वाक्य मला अगदी स्पष्ट आठवलं, टवका उडाल्यावर.

पोस्टामागच्या गल्लीत शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे नेला. म्हटलं, चाकावर धरा आणि द्या. बाईंनी पातं उजेडात धरलं. चाकावर दोन मिनिटांचं काम आहे, पण तापलं तर पात्याचं पाणी उतरेल, मग धार टिकायची नाही, असं म्हणाल्या. हाताने करायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी एक खरबरीत दगड, पाण्याचा वाडगा आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

पहिला धडा ऐकून मी गारच पडलो. खाच भरून काढता येत नाही. ती जितकी खोल, तितकं बाकीचं पातं खाली उतरवायचं. म्हणजे जी धार शाबूत होती, तीही दगडावर उभी धरून आपल्याच हाताने घासून टाकायची. दोन संध्याकाळी मी तेच केलं. बाई फार बोलत नाहीत, हात चुकला की मनगटावर चापट मारतात. वर्गात ही पद्धत मला कधी सुचली नाही. असिधाराव्रत हा शब्द मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्याचा अर्थ या खेपेला करंगळीला समजला.

तिसऱ्या दिवशी खाच गेली. चाकू आता पट्टीसारखा बोथट होता. बाईंनी त्याची एक बाजू बोटाने चाचपली, मग दुसरी, आणि विचारलं, “हा हात कोणाचा?”

“माझाच की.”

“तुमचा नव्हे. हा डावरा चाकू आहे. उतार बघा, सगळा डावीकडे. उजव्या हातात तिरकाच जाणार.”

इतकी वर्षं तू डाव्या हाताने चिरताना मी समोर बसून चहा प्यायलो, पण चाकूही डावरा झाला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाई म्हणाल्या, नवीन उतार काढायचाच आहे, तर तुमच्या हातासाठी काढा, घरी तुम्हीच वापरता ना. मात्र एकदा काढला की काढला. परत फिरवायचा म्हटलं तर पातं उरणार नाही.

मी दगडाकडे बघत बसलो. बाईंची दोन कात्र्यांना धार लावून झाली.

“डावाच राहू दे,” मी म्हटलं.

“वापरणार कोण?”

“येणार आहे ती.”

कोन बरोबर बसतोय का हे बघायला कडेला शाई फासून घासायचं असतं. जिथली शाई जाते तिथे दगड लागतो. माझ्या खिशात लाल शाई. बाई म्हणाल्या, “नापास केलंत वाटतं चाकूला.” पण काल तो पास झाला. जुन्या प्रश्नपत्रिकेचा कागद आवाज न करता दुभंगला. अर्थात, तिरकाच. हात माझा उजवा.

चाकू फडक्यात गुंडाळून तुझ्या खणात ठेवला आहे. मी भाकरीच्या तुकड्यावर आणि वध केलेल्या टोमॅटोवर भागवतो.

ताई, लेखनिकाची थट्टा केली ती मागे घेतो. पत्राच्या शेवटी ‘ताई’ ही दोन अक्षरं तुझी आहेत. पहिलीतल्या पोराने काढावीत तशी आहेत. मी जन्मभर वह्या तपासल्या, कोणत्या हाताने लिहिलंय ते मला कळतं. तू ती उजव्या हाताने काढलीस.

फोनवर भाची दर वेळी ‘सुधारणा आहे’ म्हणते आणि मी टोमॅटोचे भाव सांगतो. विचारायला धीर होत नाही, म्हणून कागदावर विचारतो. तुझ्या डाव्या हाताची मूठ वळते का? वळत नसेल तर तसं लिही. चाकूचं काही नाही. तू आता इकडे परत येणार नाहीस, याची मला भीती वाटते.

कुठल्याही हाताने लिही, पण तू लिही.

दोन्ही हात धड असून अडलेला,
तुझा धाकटा