सावलीची खोली

२ फेब्रुवारी, रविवार
पल्लवी पोचून आज चार दिवस. न्यूझीलंड, गावाचं नाव टिमारू. तिथल्या हायस्कुलात फिजिक्स शिकवायचं, करार दोन वर्षांचा. शाळेने पंधरा दिवसांची सोय केली आहे, तेवढ्यात खोली शोधायची. तिथलं घड्याळ साडेसात तास पुढे. ती रात्रीचं जेवते तेव्हा इथे माझी भाजी चिरायची असते.
वसंता माडीवरून दोनदा खाली आला. बाप आहे, करणार काय. म्हणे, ताई, तूच सांग तिले, तुह्या हाताखालून किती किरायदार गेले.
गेले खरे. मागच्या दोन खोल्या तीस वर्षं किरायाने देते. मास्तर राहिले, नर्सबाया राहिल्या. पण खोली देणं वेगळं अन् घेणं वेगळं.

५ फेब्रुवारी
तीन जागा आहेत.
एक, नागपूरचं कुटुंब, त्यांच्या घरातली वरची खोली. वसंताचा जीव तिथेच. आपली माणसं, आपलं जेवण.
दोन, शाळेपासून पाच मिनिटं. एका घराच्या मागे सुटी खोली, दार वेगळं, ओटा वेगळा.
तीन, जोन नावाची म्हातारी, नवरा वारला, एकटी. दोन खोल्या देते, स्वयंपाकघर दोघींत एक. प. म्हणाली, बाई गमतीची आहे, माझ्या नावाचा अर्थ विचारला. सांगितला, नवी पालवी. तर तिने मला बागेत नेऊन पालवी दाखवली.
मी म्हटलं, नागपूरकरांकडे आधी जाऊन ये.

९ फेब्रुवारी, रविवार
जाऊन आली. पोहे केले होते, वरून हिरवागार चिरलेला सांबार, शेव. बाई प्रेमाने बोलल्या. मग पूर्ण नाव विचारलं. मग हिंगणघाटात कोणत्या वॉर्डात. मग घरी देव कोणते. पल्लवीने सरळ सांगितलं, लपवायचं काय त्यात. संध्याकाळी निरोप आला, गावाकडून नातेवाईक येणार आहेत, खोली देता येणार नाही.
वसंताने एवढंच विचारलं, "तिथंही?" आणि कुंड्यांना पाणी घालायला गेला. सकाळीच घातलं होतं.
मी वर्ध्याला दवाखान्यात आयाचं काम धरलं तेव्हा एकवीस वर्षांची होते. चार घरं पाहिली. तीन घरांत आडनाव सांगेपर्यंत चहा मिळाला. चौथ्यात खोली मिळाली, पण त्यांच्या चुलीशेजारी. मी काय शिजवते ते भांड्यावरचं झाकण काढून पाहत. अकरा महिने राहिले. म्हणून स्वतःच्या खोल्या बांधल्या तेव्हा पहिलं काम केलं, दारं मागच्या गल्लीत काढली. अन् आडनाव आजवर कोणाला विचारलं नाही.

११ फेब्रुवारी
व्हिडिओवर सुटी खोली पाहिली. लहान पण नीट. खिडकी दक्षिणेला, तिच्यापुढे हे एवढं गर्द झाड. मी म्हटलं, भर दुपारी फोन कर, ऊन कुठे येतं पाहू. केला. भर दुपारी एक कवडसासुद्धा आत नाही. माझा जीव गार झाला. अशी खोली हिंगणघाटात असती तर लोक ॲडव्हान्स घेऊन रांगेत उभे राहिले असते.
प. म्हणाली, "जोनबाईची खोली मोठी होती आत्या, अन् तिथं..."
मी मध्येच म्हटलं, "दुसऱ्याच्या चुलीपाशी किती दिवस काढशीन? आपलं दार आपल्या हातात पाहिजे."
"बरं आत्या."
घेतली. एक वर्षाचा कागद झाला. वसंताने पेढे आणले, मी दोन खाल्ले. शुगर आहे म्हणून एकच खायचा होता.

६ एप्रिल
तिथे आज घड्याळ तासभर मागे केलं म्हणे. सरकारनेच करायचं असतं. आता फरक साडेसहा.

१४ एप्रिल
जयंती. चौकापर्यंत जाऊन आले, पाय दुखले तरी गेले. निळ्या झेंड्यांचा फोटो प.ला पाठवला. तिनेही पाठवला. खोलीत मेणबत्ती लावली आहे, अंगात दोन स्वेटर. विचारलं, थंडी आहे का. म्हणे, थोडी.

११ मे, रविवार
खोकते आहे. फोनवर तीनदा खोकली अन् तिन्ही वेळा म्हणाली, काही नाही. ओव्याचा काढा सांगितला. ओवा तिथे मिळतो का, तिलाच माहीत नाही.
बोलता बोलता खरं निघालं. धुतलेलं सुकायला तीन तीन दिवस. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाणी. आलमारीमागच्या भिंतीवर काळे ठिपके पडलेत. मी म्हटलं, अगं पडदा सरकव, उन्हात घाल सगळं.
"ऊन येतच नाई ना आत्या."
बाहेर इथे चव्वेचाळीस.

२५ मे, रविवार
नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, तरी गरम वारा.
प.चं 'ऊन येतच नाई' डोक्यातून जात नव्हतं. वसंताकडून जुना नकाशा आणला. टिमारू खालच्या अंगाला. मग टरबूज घेतलं, दोन काड्या खोचल्या, वरच्या अंगाला हिंगणघाट, खालच्या अंगाला टिमारू. समोर टॉर्च धरली, फिरवून पाहिलं. चवथीनंतर शाळा सुटली म्हणून डोकं काही सुटलं नाही. पाऊण तास लागला, पण कळलं. त्या काडीला उजेड उत्तरेकडूनच येतो. आपली थंडी ती त्यांची गरमी. मी तिला निवडून निवडून सावली दिली, अन् ती सावली आता हिवाळ्यात जाऊन बसली आहे.
जन्मभर उन्हापासून पळालेलं माणूस. मला वाटलं, ऊन सगळीकडे शत्रूच.
लगेच फोन केला. तिथे संध्याकाळ होती.
"तू तर फिजिक्स शिकवते. तुले समजत होतं ना हे?"
"हो."
"मंग काऊन नाई बोलली?"
म्हणे, "वेगळ्या दाराचं तू कशापायी म्हणून राह्यली, ते मले माहीत होतं आत्या. तुले नाई म्हणवलं नाई."
टॉर्च चालूच राहिली होती. वसंताने बंद केली. टरबूज कोणी कापलं नाही.

२८ मे
एक नर्सबाई खोली पाहायला आली, गडचिरोलीकडची, नवीन नेमणूक. दुपारचे दोन. पश्चिमेकडची खोली रिकामी आहे ती उघडली, खुर्ची ठेवली, म्हटलं, बस तासभर, मी काही बोलणार नाही. तिला वाटलं म्हातारी चक्रम आहे. बसली मात्र. तासाने घामाघूम बाहेर आली.
"काकू, भिंत तापते."
म्हटलं, तापते खरी. दुसरी खोली दिवाळीत रिकामी होईल, ती गार आहे. थांबत असशील तर थांब. कळवते म्हणाली.
तीस वर्षं मी हेच करते. खोली कशी आहे ते माझ्या तोंडून सांगत नाही, बसवते. अन् घरच्याच पोरीला मात्र बसू दिलं नाही. तिच्यासाठी मीच बसले, हिंगणघाटात बसून.

१ जून, रविवार
प.शी बोलले. जोनबाईच्या खोल्या अजून रिकाम्या आहेत. बाजारात भेटते, खोकला ऐकून लिंबू घातलेल्या मधाची बाटली देऊन गेली. सध्याचा मालक म्हणतो, बदली किरायदार आणून दे अन् जा. शाळेत नवा पी.टी. मास्तर यायचा आहे, तो घेईल कदाचित.
वसंता मागून खुणा करत होता, सांग तिला, सांग, तिकडे जा म्हणून. त्याला हाताने थांबवलं.
प. म्हणाली, "पण चूल एकच आहे आत्या. मी सुकट परतली तर? अन् तिचा पोरगा घर विकायचं म्हणून राह्यला. तू काय म्हणते?"
तोंडाशी आलं होतं, जा म्हणून. गिळलं. फेब्रुवारीत घे म्हटलं, आता जा म्हणायचं, म्हणजे निवडणारी पुन्हा मीच.
म्हटलं, "पुढच्या रविवारी दुपारी बाराला तिच्या खोलीत जाऊन बसजो. तासभर. फोन बंद ठेवजो. मले विचारू नको, बापाले विचारू नको."
"अन् मंग?"
"मंग तुले कळंल."
फोन ठेवल्यावर वसंता रागावला. म्हणे, पोरगी आजारी अन् तू कोडी घालते. मी म्हटलं, तुला पेढे आणायची घाई होती, मला सांगायची. आता दोघंही जरा गप बसू.
आडनावाचं आठवत बसले. जोनबाईने नावाचा अर्थ विचारला होता, आडनाव नाही. प.ने तेव्हाच सांगितलं होतं मला, मी ऐकलंच नाही.
पण दुसऱ्याची चूल ती दुसऱ्याचीच. चार महिन्यांनी बाई कशी निघेल, कोण सांगणार. माझी वर्ध्याची बाईसुद्धा पहिल्या दिवशी गोड होती.

८ जून, रविवार
चारलाच जाग आली. तिथले बारा म्हणजे इथले साडेपाच.
साडेपाच. चहा ठेवला. आता बसली असेल.
सहा. ओसरी झाडली. नर्सबाईचा निरोप आला होता रात्रीच, दिवाळीपर्यंत थांबते म्हणे, तोवर मैत्रिणीकडे राहील. बरं झालं.
साडेसहा. तास झाला. फोन नाही.
वसंता खाली आला. उभ्याउभ्याच विचारलं, आला का. म्हटलं, नाही. त्याने स्वतःचा फोन काढला, मी त्याच्या हातातून घेऊन डब्याच्या फळीवर ठेवला. म्हणे, "काही झालं तर नसंल ना?" म्हटलं, उन्हात माणूस बसलं तर काय होतं? डोळा लागतो.
सात. त्याच्यासाठी पुन्हा चहा. साखर जास्त पडली, त्याने तसाच प्यायला.
सव्वासात. तिथे पावणेदोन. अजून फोन नाही. बसली असेल.