पिवळ्या लंगोटाची साखर

सेनगाव, ऑक्टोबर २००८

प्रिय दिपा,

चिरंजीवांनी शेजाऱ्याच्या पेरूवरून उडी मारून पाय मुरगळून घेतला, ही वार्ता पोचली. तू काळजीनं लिहिलंस. मला मात्र हर्षच झाला. ज्या कुलदीपचं यकृत डॉक्टर अजून वरचेवर तपासतात, त्याला मार लागावा तो पेरूपायी, याहून भाग्य कोणतं?

आठवतं ना? जन्मापासून अंग पिवळं आणि शी चुन्यासारखी पांढरी. पित्ताची वाटच बंद. दोन महिन्यांच्या आत मुंबईला शस्त्रक्रिया झाली, आतडं थेट यकृताला जोडलं. हट्ट्याला, तुझ्या सासरी, परतल्यावर शीनं पिवळा झालेला लंगोट पाहून तुझ्या सासूबाईंनी गावभर साखर वाटली. पीतांबराचा एवढा सन्मान वैकुंठातही झाला नसेल.

डॉक्टरांनी बजावलं होतं, त्या जोडातून आतड्यातले जंतू वर चढतात. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, नाहीतर तापागणिक यकृत निकामी होत जाईल. आणि ताप आला तो नेमका अमावस्येला, मी पाहुणा असताना. तुझ्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, उंबऱ्यात उभ्या. "दात येऊन राहिले लेकराला. आज येशीभाईर न्हाई न्यायचं. काहून घाई, गुरुजी? तुमी तर शास्तर शिकलेले!" मी म्हणालो, आजाऱ्याला आणि बाळाला शास्त्रात नियम नाही. "लई सोयीचं शास्तर हाय तुमचं!" माझं सगळं संस्कृत तिथंच आटोपलं. तू मात्र लंगोट त्यांच्यापुढं धरलास. पुन्हा पांढरा. ज्या रंगाची साखर वाटली, तोच गेलेला. त्या लगेच जीपवाल्यावर ओरडल्या, "अमावस्या काय करती रे, हाण नांदेडला!" तिथं इंजेक्शनं सुरू झाली, ताप उतरला, यकृत तगलं.

हे तुलाच का सांगतोय? तर इथल्या तांड्यावरची निलम, माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या लेकीची तीच शस्त्रक्रिया, तोच ताप. तुमची गोष्ट मी तिला इतकी ऐकवली होती, की दात-दृष्ट काही न म्हणता तिनं त्याच दिवशी एसटी गाठली. काल लेक घरी आली, लंगोट पिवळाधमक! तरी निलम विचारते, "गुरुजी, असं लेकरू खरंच मोठं व्हतं का?" माझ्या शब्दावर तिचा भरवसा नाही, शाळेत माझं सगळं ऐकून ती नापास झाली होती. म्हणून रविवारी कुलदीपला घेऊन ये. समजावू काही नकोस. लंगडत का होईना, तिच्या अंगणात त्याला हुंदडू दे. आणि विहीणबाईंनाही आण. साखर वाटायचा मान त्यांचाच.

तुझाच, आणि विहीणबाईंचा हक्काचा वैरी,
व्यंकटमामा