घमेल्यातली बोगनवेल

बाबा,

तुमची बोगनवेल मरायला टेकली आहे. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे. आता तुम्हाला सांगून तरी काय होणार, तुम्हाला जाऊनच किती वर्षं झाली. पण आज सकाळी गॅलरीतली पानं झाडताना मला असा राग आला की तो कुणावर काढावा तेच कळेना. पानं पिवळी झाली म्हणून गळाली तर समजू शकते, पण चांगली हिरवीगार पानंही हात लावला की पडत होती. आता एकही उरलेलं नाही. तुमचा जावई म्हणतो, नर्सरीतून तशीच दुसरी आणू, आईंना काय कळतंय.  आईला कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही हे खरं, पण त्या झाडाची कुठली फांदी कुठे वाकते हे तिला अंधारातही सांगता येईल.

आलापल्लीच्या एसटी डेपोचं बोगनवेलीचं कुंपण तोडून भिंत बांधली त्या वर्षी तुम्ही हे खोड घरी आणलंत. मांडीएवढं जाड, करवतीनं तिरपं कापलेलं. भामरागडची गाडी डेपोत लावून तुम्ही ते खांद्यावर टाकून दारात उभे, आणि आई म्हणते आहे, "घरात सरपन कमी हाय का, का हे बी आनलं?" तुम्ही हसलात. एका जुन्या लोखंडी घमेल्याला खालून भोकं पाडलीत, त्यात ते बसवलंत, आणि जुन्या केबलची तार सोलून तिनं कोवळ्या फांद्या वाकवत बसायचात. कुणा साहेबानं ते पाहून बोन्साय म्हटलं. तुम्ही तसं कधी म्हटलं नाहीत. तुमच्या लेखी ते बुटकं झाड होतं, आणि फुललं की आमचं सगळं अंगण त्याच्यापुढे फिकं पडायचं.

मी त्याला पाणी घातलं म्हणून एकदाच तुम्ही मला रागावलात. दुपारी पानं लोंबलेली दिसली, मी बादली घेऊन धावले. तुम्ही ओट्यावरून ओरडलात, "थांब पोरी! तहानलेलं झाडबी मान टाकते आन बुडालेलं झाडबी मान टाकते. मान पाहून पानी नोको देऊ. आधी उचलून पाह्य." मग मला ते घमेलं उचलायला लावलंत. जड होतं. "पोट भरलं हाय त्याचं, ऊन लागलं म्हनून मान टाकली. सांजेले पाह्यजो, उभं राह्यते." संध्याकाळी पानं खरंच उभी राहिली. पुढे कितीतरी दिवस मी उगाच येता-जाता घमेलं उचलून पाहायची.

तुम्ही गेल्यावर आईनं त्या झाडाला तुळशीच्या रांगेत बसवलं. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला पाणी, आणि उरलेला तांब्या बोगनवेलीला, डोक्यावर पदर घेऊन. तुमचं नाव तर तिनं तुम्ही असतानाही घेतलं नाही, पण त्या झाडाशी ती बोलते. काल भाजी खारट झाली, नळाला पाणी आलं नाही, असलं काहीतरी. गेल्या दिवाळीनंतर तिला मी चंद्रपूरला आणलं. एकटीला तिथं ठेवायची सोय राहिली नव्हती, चूल पेटती ठेवून शेजारी जाऊन बसायची. तिची अट एकच होती, झाड सोबत येईल. जीपमध्ये चढवताना गंजलेलं घमेलं बुडातून सुटलं. घरी आल्यावर मी मोठ्या हौसेनं निळी चिनी मातीची कुंडी आणली, आणि तुमच्या व्याह्यांच्या वरोऱ्याच्या शेतातली काळी माती. कापसाची माती, बाबा! आमच्याकडे माती म्हणजे काळी, बाकी सगळा मुरूमच. घमेल्यात तुम्ही विटांचे तुकडे नि मुरूम भरून ठेवला होता, तो मुळांतून झाडून मी फाटकाबाहेर टाकून दिला. तुम्हाला तेव्हा माती मिळाली नसेल, असं वाटलं.

होळीला झाड फुललंही. मी शेजारणींना बोलावून दाखवलं. आणि मग मे लागला. चंद्रपूरचा मे तुम्हाला ठाऊक आहे, बसचं स्टीअरिंग ओल्या फडक्यानं धरायचात तुम्ही. पानं लोंबली, मला वाटलं तहान. कुंडीतली माती वरून अशी भेगाळलेली की बोट आत जाईल. आईचा तांब्या सकाळी चालूच होता, त्यावर संध्याकाळी मी बादली ओतू लागले. पानं पिवळी पडली. मला वाटलं ऊन, म्हणून हिरवी जाळी बांधली. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला, मग वाटलं बोअरचं पाणीच बाधलं, म्हणून माणसांनी प्यायचं पाणी झाडाला घातलं. निंबाचा पाला उकळून घातला. प्रत्येक उपायात पाणी होतंच, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. तुमचं वाक्य आठवलं तेव्हा कुंडी उचलायला गेले, पण ती मेली रिकामीच इतकी जड की आतलं काय कळणार! शेवटी खराट्याची काडी मातीत बुडापर्यंत खुपसली. वर भेगा, आणि काडी बाहेर आली ती काळी, ओली, आणि गटारासारख्या वासाची.

मग मी आईवर ओरडले. तांब्या घेऊन ती दारातच उभी होती. "तूच मारून राह्यली त्याले, आई! रोज रोज कायचं पानी? उद्यापासून बंद म्हनजे बंद!" चंद्रपूरला येऊन माझी भाषा सुधारली असं लोक म्हणतात, पण रागात मी आलापल्लीचीच.  आईनं तांब्या खाली ठेवला, पदर नीट केला, आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "मंग मी इथी कायले राहू? मले घरी सोडून दे."

कुठलं घर, बाबा? तिकडची कौलं उतरली आहेत, मागची भिंत पावसात बसली. तिथं तिला कोण पाहणार? मी हे सगळं बोलले, समजावलं, हातापाया पडले. ती आपली पिशवी भरत राहिली. दोन लुगडी, तुमचा चष्मा. ताटातला भात तसाच राहू लागला.  झाड गेलं तर आई जाणार, आणि तिला दाराला कडी लावून कोंडायचं का, एवढ्यापर्यंत माझं डोकं गेलं होतं.

एका रविवारी मी झाड उपटून काढलं. काळी माती मुळांना अशी घट्ट धरून बसली होती की बादलीत बुडवून धुवावी लागली. मुळं काळी, हाताला बुळबुळीत, ओढली की साल सुटून येई. कात्रीनं कापत गेले. दोन-तीनच पांढुरकी उरली. आणि तसं ओल्या हातानं जमिनीवर बसलेली असताना मला ते वर्ष आठवलं, जेव्हा पर्लकोटा नदीला पूर आला आणि तुमची गाडी भामरागडला अडकली. ना फोन, ना निरोप. बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि आई रोज सकाळी ओट्यावरच्या त्या झाडाला तांब्याभर पाणी घालते आहे. कॉलेजातली शहाणी मी, तिला हसले होते. तुम्ही परत आलात तेव्हा झाडावर पान नव्हतं. तुम्ही घमेलं उचललंत, वास घेतलात, आणि आईला एका शब्दानं बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी घमेलं डेपोत नेऊन आणखी भोकं पाडून आणलीत. मी म्हटलं, आईला सांगा ना, पाणी घालू नको म्हणून. तुम्ही विटा फोडत होतात. "तिचं पानी थांबनार नाई, पोरी. ती झाडाले नाई घालत. आपन पान्याले वाट करून देऊ." आणि विटांचे तुकडे, वर मुरूम, असं भरत गेलात. मी हसून कॉलेजला निघून गेले आणि विसरले. मी फाटकाबाहेर फेकली ती तुम्ही केलेली वाट होती.

त्याच दुपारी बाजारातून नवं घमेलं आणलं. वेल्डिंगवाल्याकडून त्याला भोकं पाडून घेतली, त्यानं विचारलं, "ताई, घमेल्याले भोकं काऊन?" फाटकापाशी जाऊन उरलेसुरले तुकडे वेचले, बाकीच्या विटा फोडल्या, बोट ठेचून घेतलं. झाड बसवलं आणि आईला हाताला धरून गॅलरीत आणलं. तांब्या तिच्या हातात दिला. पाणी वरून गेलं आणि खालून भळभळ फरशीवर आलं. आई वाकून पाहत राहिली. म्हणाली, "आता कसं पेऊन राह्यलं, पाह्य." त्या रात्री ती पोटभर जेवली. पिशवी मात्र अजून दाराशीच आहे.

त्याला आता बरेच दिवस झाले. कोंब नाही. तुम्ही नखानं साल खरवडून पाहायचात, खाली हिरवं दिसलं की जीव आहे म्हणायचात. मी शेंड्यापासून सुरुवात केली. तपकिरी. तुमच्या तारेनं वाकवलेल्या फांद्या, सगळ्या तपकिरी. मधला दुबेळका, जिथं खोड दोन फांद्यांत फुटतं, तोही. आता फक्त बुडाजवळचं खोड राहिलं आहे, तुमच्या त्या तिरप्या करवतीच्या खुणेखालचं. आई रोज विचारते, "कोंब दिसते का वं?" मी म्हणते, दिसेल, पावसाळा लागू दे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. घमेल्याखाली ठेवीन; फरशी पुसायला घेईन तेव्हा कचऱ्यात जाईल, नाहीतर राहील असंच. एक मात्र सांगते. खोडाच्या त्या शेवटच्या जागेला मी नख लावलेलं नाही. आणि रोज झाडाजवळ गेले की हात तिकडेच जातो, म्हणून काल मी दहाही बोटांची नखं मुळापासून कापून टाकली.