डॉकची मोजणी

चिरंजीव खुडबुड्या यास,

ताईचे आशीर्वाद. ते आधीच लिहून टाकते, कारण पुढे पुढे माझा हात कितपत मऊ राहील याची खात्री नाही. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. (बरी नसली तर कळव, पण कॉम्प्युटरवर बसून बसून मान धरली असलं काही कळवू नकोस, त्यावरचं औषध तुला माहीत आहे आणि तू ते घेत नाहीस.) तुझ्या बायकोचा खोकला गेला का? तिला म्हणावं वाफ घ्यायची म्हणजे भांड्यावर वाकून, डोक्यावरून टॉवेल घेऊन. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून नुसतं उभं राहायचं नसतं. इकडे मी ठीक, तुझे भावोजी ठीक. कॉम्प्युटरचं मात्र सांगायचं आहे, आणि ते दोन ओळींत होणारं नाही.

फोनवर तू म्हणालास, ताई, काय काय झालं ते क्रमाने लिहून पाठव, म्हणजे बिघाड कुठे आहे ते मला कळेल. हे बरं सुचलं तुला. कारण फोनवरून तू नुसत्या उंटावरून शेळ्या हाकतोस. आता काय दिसतंय? पडद्यावर तू लावलेला डोंगर. खाली काय आहे? खालीही डोंगरच. असल्या बोलण्यात परवा माझी पस्तीस मिनिटं गेली आणि चहा निवला. मी छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते, पेशंटचं काय झालं ते वेळेसकट लिहायची मला सवय आहे. तेव्हा हा केसपेपर समज आणि गाळून वाचू नकोस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी सुरुवातीपासून सांगते. निवृत्त होऊन मला अकरा महिने झाले. पहिला महिना विश्रांती घेतली, दुसऱ्यात कपाटं आवरली, तिसऱ्यात तीच कपाटं पुन्हा आवरली, आणि चौथ्यापासून मी खोलीत आले की तुझे भावोजी हातातली वस्तू निमूट जागेवर ठेवायला लागले. थिएटरमधून एक फोन नाही. मला वाटलं होतं, निदान एकदा तरी कुणी विचारेल, सिस्टर, तो वाकडा चिमटा तुम्ही कुठे ठेवत होतात? नाही विचारलं. सगळं सापडलं असावं. (याचं मला इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही.) आणि मग मागच्या महिन्यात नर्सिंग शाळेच्या प्राचार्याबाईंचा आपण होऊन फोन आला. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना ऑपरेशनचा ट्रे कसा लावायचा यावर एक तास घ्याल का? एकच तास, पण चांगला झाला तर पुढचं बघू, असं त्या म्हणाल्या. ते ‘पुढचं बघू’ माझ्या कानातून जाईना. भाजी चिरताना तेच, कपडे वाळत घालताना तेच.

म्हणून मी बावीस स्लाइड करायला घेतल्या. कॉम्प्युटर रडतखडत चालत होता. तेवढ्यात तू सुट्टीला आलास, या डबड्यात आता राम राहिला नाही म्हणालास, त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलंस, पडद्याच्या तळाशी चित्रांची एक पट्टी बसवलीस, तिला डॉक म्हणतात असं सांगितलंस, चित्रावर टिचकी मारली की प्रोग्राम उघडतो एवढं दाखवलंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पसार झालास. अरे, पेशंट शुद्धीवर येईपर्यंत सर्जनसुद्धा थांबतात. (काही थांबत नाहीत. ते कोण ते मला माहीत आहे.)

तुझी गाडी सुटून तास झाला नसेल, तोवर डॉक गायब. खिडकी मोठी केली की हा बेटा पडद्याखाली दडी मारतो आणि माऊस तळाला नेला की डोकं वर काढतो. तुझ्या भावोजींचं मत असं पडलं की ज्या गाडीचा डॅशबोर्ड लपतो ती गाडी ते रस्त्यावर आणू देणार नाहीत. ते तीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतायत, त्यामुळे शेजारी बसून दुसऱ्याला चुका करू देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. खुर्ची ओढून रोज माझ्या डावीकडे बसायचे. बोलायचे काही नाहीत, पण मी टिचकी मारली रे मारली की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला जायचा. ब्रेक! शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून तो पाय आता त्यांचा राहिलेलाच नाही.

दुसरं दुखणं म्हणजे सूज. माऊस वरून गेला की चित्रं टरारून फुगायची. एकावरून गेले की ते फुगे, शेजारचं अर्धं फुगे. मी तुला विचारलं नाही. सूज मला नवी नाही. कंट्रोल दाबून डॉकवर उजवी टिचकी मारली, सेटिंगचं पान निघालं, त्यातली एक दांडी हळूहळू मागे ओढत नेली आणि सूज पार उतरवली. भावोजींनी टाळी वाजवली. त्या दिवशी मी जरा चढेलच झाले होते, हे कबूल करते.

आता मुख्य दुखण्याकडे येते. तुला हे कधी सांगितलं नसेन. थिएटरमध्ये ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी ट्रेवरची एक न एक वस्तू मोजायची आणि टाके घालायच्या आधी पुन्हा मोजायची. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, पोट शिवायचं नाही म्हणजे नाही. छत्तीस वर्षांत माझा आकडा चुकलेला नाही. एका बड्या सर्जनांना मी एका चिमट्यासाठी चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. (चिमटा त्यांच्याच बुटात निघाला.) तर सवयीने मी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसताना डॉकवरची चित्रं मोजली. नऊ. उठताना मोजली. दहा! वस्तू कमी भरली तर शोधता येते. जास्त भरली म्हणजे पहिली मोजणीच चुकली, आणि ते माझ्या हातून होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली तर अकरा. साहजिकच मी कॉम्प्युटर बंद करू दिला नाही. आकडा जुळेपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही, असं घरात जाहीर केलं. (घरात म्हणजे भावोजींना.) तीन दिवस तो अहोरात्र घुमत होता. त्याच्या पाठीतून असा गरम वारा यायचा की भावोजी तिथे आपले रुमाल वाळवायला लागले.

चौथ्या दिवशी मी बाराव्या चित्राच्या भीतीने जपून टिचकी मारली आणि भावोजींनी जपून ब्रेक दाबला. टेबलाखाली तू ते लाल बटणाचं एक्स्टेन्शन ठेवून गेला आहेस ना, ते त्यांच्या टाचेखाली आलं. खट्. पडदा काळा. ऑपरेशन अर्धवट, आकडा अकरा, आणि पेशंट बंद! मी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो माणूस पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घालून बसला. पुन्हा सुरू केलं, मोजलं, तर बरोबर नऊ. मग मात्र मी वही काढली. काय उघडलं की किती होतात, काय मिटलं की किती उरतात, सगळं टिपलं, आणि अर्ध्या तासात रोग कळला. जो प्रोग्राम मुळात डॉकवर नाही तो उघडला की त्याचं चित्र पाहुण्यासारखं येऊन बसतं आणि मिटला की उठून जातं. मी ईमेलवर आलेली पत्रं वाचायची, फोटो बघायची आणि काहीच मिटायची नाही. एवढं एक वाक्य निघताना सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं रे?

यानंतर आला मंगळवार. तास गुरुवारी दहाला. बावीसच्या बावीस स्लाइड तयार. आता डॉक नीट लावून घ्यावा म्हटलं. ट्रेवर जे आधी लागतं ते हाताजवळ असतं, आणि तू तर स्लाइडचा प्रोग्राम पार सहावा ठेवलेलास. मी त्याचं चित्र माऊसने उचललं आणि पहिल्या जागी न्यायला लागले. वाटेत बोट सुटलं. चित्र डॉकच्या बाहेर पडलं, फुस्स करून धुराचा एवढासा ढग निघाला आणि संपलं. मोजली, आठ. पुन्हा मोजली, आठच. तीन आठवड्यांचं काम माझ्या डोळ्यांसमोर धूर होऊन गेलं. खुडबुड्या, मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले. बावीस स्लाइडचं एवढं नव्हतं. मला वाटलं, झालं, आता हे लोक म्हणणार बाईंचं वय झालं, यांना पुन्हा बोलवायला नको.

तुझे भावोजी अशा वेळी फार शांत असतात. म्हणाले, “आरसा निखळला म्हणून मागचा रस्ता नाहीसा होत नाही. मेनूत बघ.” मेनू उघडला. प्रोग्राम तिथे होता. फाइल होती. एकूण एक बावीस होत्या! जीव भांड्यात पडला. धूर झाला होता तो नुसत्या पाटीचा. प्रोग्राम उघडला, त्याचं चित्र पाहुणा म्हणून आलं, त्यावर उजवी टिचकी मारून ‘डॉकमध्ये ठेवा’ म्हटलं आणि त्याला घरचा करून घेतलं. (पण मला सांग, चित्र नुसतं काढून ठेवायला तो धूर कशाला हवा? कुणाची करमणूक आहे ती?)

गुरुवारी कॉम्प्युटर ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला. गाडीवर शिकाऊची पाटी, त्यामुळे सगळा रस्ता आम्हाला वाट देत होता. भावोजी चालवत होते आणि मी त्यांच्या शिकवायच्या जागेवर. तिथे जादा ब्रेक असतो. मी तो दोनदा दाबला. वर्गात बत्तीस मुलंमुली, मागच्या बाकावर प्राचार्याबाई वही घेऊन. शाळेचा प्रोजेक्टर लावला, तर भिंतीवर आधी नुसता तुझा डोंगर आला, डॉक माझ्या छोट्या पडद्यावरच राहिला. शाळेच्या लिपिकांनी काहीतरी दाबून दोन्हीकडे एकच चित्र आणलं. तिथपर्यंत ठीक होतं, पण ज्यावर माऊस ठेवायचा ते भाषणाचं टेबल निघालं उतरतं. माऊस सोडला की आपला घसरत खाली, आणि तो खाली गेला की डॉक हजर, थेट माझ्या स्लाइडच्या शेवटच्या ओळीवर. माऊस वर घेतला की डॉक गेला, वळून बोलायला लागले की पुन्हा आला. मुलं आधी ओठ चावत होती, मग खुदुखुदु हसायला लागली. नवव्या स्लाइडला पहिल्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सिस्टर, मघाशी खाली नऊ होती. आता दहा आहेत.”

अरे, काय सांगू तुला! न सांगता मोजणारी पोर! (दहावं चित्र माझ्या टिपणांचं. मीच मध्येच उघडून मिटायचं विसरले होते.) बावीस स्लाइड मी तिथल्या तिथे गुंडाळल्या. डॉक वर आणला, मनात पाच आकडे मोजले, खाली पाठवला. सांगा किती होती आणि कोणत्या क्रमाने. मग भिंतीवरच्या उजेडासमोर वही धरली, एक चित्र बाहेर ओढून फुस्स केलं, वही काढली. सांगा काय गेलं? वर्ग नुसता उसळला. शेवटी खरा ट्रे आणून ठेवला, फडकं टाकलं, काढलं, टाकलं, आणि तास संपायला आला तेव्हा बत्तीसातले एकोणतीस जण एकेक वस्तू न चुकता सांगत होते. उरलेल्या तिघांना मी पुढच्या वेळी बघते. हो, पुढची वेळ आहे! प्राचार्याबाईंनी तिथेच सांगितलं, सत्र संपेपर्यंत दर गुरुवारी या. तेरा गुरुवार आहेत. येताना मी एकदाही ब्रेक दाबला नाही.

तर असा हा तुझ्या हातचा घोळ, वेळेसकट आणि लक्षणांसकट. मुलांना पापा, बायकोला वाफ.

तुझी,
ताई

ता. क. तू लिहून मागितलंस म्हणून लिहिलं. दुरुस्त कर असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पुन्हा वाचून बघ. रविवारी तू तिथून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळं ठाकठीक करणार होतास, ते करू नकोस. लपणं राहू दे, धूर तर हवाच. उलट नर्सिंग शाळेत सहा जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले आहेत. माझा धाकटा भाऊ सुट्टी काढून येईल आणि सहाही लावून देईल, असं मी प्राचार्याबाईंना सांगून बसले आहे. सहांवरही डॉक असाच लपणारा हवा, चित्रं बरोबर नऊ. तुझी सुट्टी कधी मंजूर होते ते कळव. होते का, असं मी विचारलेलं नाही.

ता. ता. क. हे मी दोन दिवस लिहीत नव्हते, कारण रागात लिहू नये. हजेरीच्या वहीत सही करताना प्राचार्याबाई सहज बोलून गेल्या की तुमचे बंधू मोठे चिवट, चार वेळा फोन केला, तेव्हा कुठे आम्ही तुम्हाला बोलावलं. मी हसून हो म्हटलं आणि गाडीत येऊन बसले. तुझा खूप राग आला. मग भावोजींनी गाडी बाजूला घेतली आणि मला रडू दिलं, तेव्हा तेवढा राग राहिला नाही. चार फोन केलेस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस, गाढवा. तो पहिला गुरुवार तुझा, माझी ना नाही. पण पुढच्या तेरांसाठी कुणाचाही फोन आलेला नाही. मी काल शाळेत जाऊन तसं स्पष्ट विचारून आले.