स्वतःच्याच नोकरीत नापास

कोपनहेगन, जूनचा पहिला आठवडा

प्रिय फिनबार,

आधी बातमी सांगून टाकते. मी नापास झाले. तुमच्या त्या आयर्लंडच्या नव्या कंपनीनं मला घेतलं नाही. आयुष्यभर हवाई सुंदरीचं जे काम केलं, त्याच कामाच्या मुलाखतीत मला नाही म्हणाले. आता लगेच फोन उचलू नकोस. सांत्वन नकोय मला. पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय ते बोल.

गंमत बघ. विमानं तीच, रंग तोच, आतल्या गालिच्याची झिजलेली कडसुद्धा तीच. शेपटीजवळची देशाच्या नोंदणीची दोन बारीक अक्षरं तेवढी बदलली आणि आमची विमानं कागदोपत्री आयरिश झाली. परवापर्यंत आमची असलेली न्यूयॉर्कची फेरी आता तिकडच्या कंपनीची. ज्याला लांबचं उडायचंय त्यानं आपल्याच जागेसाठी नव्यानं अर्ज करायचा, कमी पगारावर, आणि युनियनचं नाव काढायचं नाही. आखातातल्या कंपन्यांशी टक्कर द्यायची तर दुसरा इलाज नाही, असं साहेब लोक म्हणतात. असेलही बाबा. पण आपल्याच घरात भाडेकरू म्हणून राहा म्हटलं तर कुणाचं डोकं फिरणार नाही?

तू पहिल्या विमानाबरोबर गेलास त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. तू मूळचा तिथला, त्यात इंजिनांचा मेकॅनिक. माझं तसं नव्हतं. ईस्टरला तुझ्या गावच्या धक्क्यावर तू म्हणालास, "बोदिल, कर ना अर्ज. नोकरी इथे, घर इथे, मीही इथेच." आणि मी बोटी बघत बसले. तुला वाटलं, विचार करतेय. विचार कसला डोंबलाचा! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. अर्ज करावा तर गिट्टेला तोंड कसं दाखवू? प्रत्येक संपात आम्ही दोघी हातात फलक घेऊन थंडीत शेजारी शेजारी कुडकुडलोय. न करावा तर तुला वाटणार, हिला मीच नकोय.

शेवटी केला. गिट्टेला मीच जाऊन सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून. तिच्या जिभेला हाड नाही हे तुला माहीतच आहे. "जा बाई जा! प्रेमापायी बायका आंधळ्या होतात ऐकलं होतं, तू तर चक्क स्वस्त झालीस." असं म्हणाली आणि माझी कॉलर नीट करत बसली. मला इतकं रडू आलं की काय सांगू.

आणि मी केलेला मूर्खपणा ऐक. आमच्याकडे नोकरी सोडून निघणाऱ्यानं आपला केक आपणच आणायचा असतो. माझी निवड होणार यात मला काडीचीही शंका नव्हती, म्हणून मुलाखतीच्या सकाळीच मोठा थरांचा केक नेऊन ठेवला. सगळ्यांनी खाल्ला, गळाभेटी झाल्या. मग मी गेले मुलाखतीला.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून विमान केलं होतं. परीक्षक प्रवासी होऊन बसलेले. मला म्हणाले, यांना काहीतरी विका. अत्तर, वाइन, काहीही. मी ट्रॉली ढकलत निघाले, तर पहिल्याच महाशयांची बॅग आणीबाणीच्या दारासमोर! म्हटलं, "आधी ती बॅग सीटखाली सरकवा." ते हसले, "अहो बाई, हे दार पुठ्ठ्याचं आहे." म्हटलं, "मला दिसतंय. उचला." मग एकाचा गरम कॉफीचा कप काढून घेतला. पुढचीला पट्टा लावायला सांगितलं, तर खुर्चीला पट्टाच नाही, त्यावरून माझाच आवाज चढला. एवढ्यात वेळ संपली. अत्तराची एक बाटली खपली नव्हती.

दोन दिवसांनी फोन आला. बाई फार गोड बोलत होती. अनुभव दांडगा आहे, पण विक्रीची वृत्ती दिसली नाही. मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडले. अपमान तो अपमानच. पण तोंड धुताना लक्षात आलं की छातीवरचा दगड उतरलाय. जीव असा भांड्यात पडला म्हणतोस! सुंठीवाचून खोकला गेला. गिट्टेला कळवलं तर ती धावत घरी आली, मला घट्ट मिठी मारली, आणि म्हणते कशी, "केक मात्र परत मागू नकोस हं."

आता पत्राचं कारण. आमच्या जुन्या कंपनीनं मला इथेच ठेवायची तयारी दाखवली होती, ओस्लो, हॅम्बुर्ग अशा जवळच्या फेऱ्यांवर. काल मी राजीनामा दिला. तू ईस्टरला नोकरी, घर आणि तू, तिन्ही एका दमात विचारलंस, आणि मी नक्की कशाला हो म्हणायचं तेच मला कळेना. तिथे कामाला आले असते तर रोज उठून मनात आलं असतं, मी आले ती कशासाठी? तुझ्याही मनात आलं असतं, तू बोलला नसतास एवढंच. आता नोकरीचा प्रश्नच मिटला. ऑगस्टपासून मी कुठल्याच कंपनीची नाही, आणि मला तुझ्याकडे यायचंय. फक्त तुझ्याकडे. मात्र तेव्हा तू जिला बोलावलंस तिच्या हाताला काम होतं, आता येईल तिच्या हाताला नाही. म्हणून नीट विचार करून सांग, येऊ का? त्यांनी नको म्हटलं तेव्हा रडून झाल्यावर मी हसू शकले. तू नको म्हटलंस तर मला हसू यायचं नाही रे.

तुझीच, तू हो म्हणालास तर,
बोदिल